कापणीतली सोबत

कापणी सुरू झाली की आमच्या वॉर्डातल्या खाटांखालच्या पिशव्या कमी होतात. एरवी प्रत्येक खाटेखाली एक पिशवी, एक चटई, एक स्टीलचा डबा आणि शेजारी एक माणूस असतो. त्या माणसाला आमच्याकडे सोबत म्हणतात. दसरा उलटतो, पोलादपूरच्या बाजूनं येताना एसटीच्या खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत यायला लागतो आणि मी अंदाज बांधायला लागते, आज किती जणी उरल्या असतील. वास चांगला असतो. लोक त्यावर कविता करतात. मला त्या वासानं वॉर्डातली रिकामी स्टुलं दिसतात.

मी गेली सव्वीस वर्षं सिस्टर आहे. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातल्या एका रुग्णालयात. कुठल्या ते लिहीत नाही, कारण दुसरं नाव घातलं तरी पुढचा मजकूर तसाच राहील. बायकांचा वॉर्ड, तीस खाटा, आणि एका पाळीला एक सिस्टर. कागदावर तीन आहेत. त्यातली एक जागा माझ्या माहितीत कधी भरलेलीच नाही. दुसऱ्या जागेवरची बाई रजेवर, प्रशिक्षणाला, नाहीतर शेजारच्या वॉर्डात उसनी गेलेली असते. उरते ती मी.

मग तीस बायकांचं कोण बघतं, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. गावातल्या माणसाला पडत नाही, कारण त्याला उत्तर माहीत आहे. मी गोळी देते, सुई टोचते, सलाईन लावते आणि लिहिते. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, सलाईन संपत आलं की हाक मारणं, तापानं बडबडणाऱ्या बाईला धरून ठेवणं, हे सगळं सोबत करते. आम्हाला शिकवलेल्या पुस्तकात यालाच शुश्रूषा म्हटलं होतं आणि ती माझं काम आहे असंही लिहिलं होतं.

म्हणून पेशंट आली की मी आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघते. नवरा असला तर त्याचा निम्मा वेळ वॉर्डबाहेर विडी ओढण्यात जातो. आई रडते. सासू पेशंटच्या आधी झोपते. मुलगी चांगली, पण तिची शाळा बुडते. सगळ्यात चांगली सोबत म्हणजे जाऊ. जावेला माया दाखवून द्यायची नसते, काम उरकायचं असतं. हे मी एकदा नव्या मुलींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मी गंमत करत नव्हते.

कापणीच्या दिवसांत वॉर्डाचा रंगच बदलतो. फिनेलच्या वासात पेंढ्याची धूळ मिसळते. विळ्यानं कापलेली बोटं, भाऱ्यांच्या उडवीवरून पडून मोडलेली मनगटं, चिखलातून आलेले ताप, साप. बायकांच्या केसांत भाताचं कुसळ अडकलेलं असतं, ते उशांवर पडतं आणि झाडणारी मावशी दिवसभर पुटपुटत राहते. कुणीतरी नव्या भाताचे पोहे बांधून आणतं आणि पथ्याचा विचार न करता सगळ्या खाटांवर वाटतं. आजारी माणसं सर्वांत जास्त असतात ते हेच दिवस, आणि त्यांच्याजवळ बसायला माणूस मिळत नाही तेही हेच. भात थांबत नाही. पिकला की कापावा लागतो, कापला की उचलावा लागतो. एका घरातले दोन हात मुंबईला, एक माणूस आजारी, मग शेतात कोण आणि खाटेशी कोण?

चार वर्षांपूर्वीच्या कापणीत सुवर्णा आली. कापडे गावाच्या वर डोंगराच्या कुशीला एक वाडी आहे, तिथली. वय अडतीस. भारा उचलायला वाकली आणि खालच्या घोणशीनं हाताला धरलं. टेम्पोच्या मागच्या बाजूला झोपवून आणली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. सोबत तिची जाऊ, रंजना. तिच्या कमरेला विळा तसाच खोचलेला होता. मी आधी तो काढून घेतला.

"सोबत कोण राहणार?"

"मीच. जाव हाय माजी ती."

"नवरे?"

"दोगींचे बी मुंबयला. येतील सुट्टी भेटली की."

घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. ते बघायची रीत अगदी साधी आहे. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं ती नळी हलवायची नाही, मग तिरपी करून बघायची. वीस मिनिटं एका नळीकडे बघत बसणारी सिस्टर मी कधी पाहिलेली नाही. मी रंजनाला सांगितलं, कुणाला हात लावू देऊ नको. ती टेबलापाशी उकिडवी बसली आणि वाऱ्यात दिवा धरावा तशी दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून राहिली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. औषध सुरू झालं. परत नळी, परत पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी तिरपी केली तर रक्त जागचं हललं नाही.

"खरवसावानी झालं गो," रंजना सुवर्णाला म्हणाली.

"तू आता खरवस खायची नायस कंदी," सुवर्णा म्हणाली, आणि शेजारच्या दोन खाटाही हसल्या.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आता मूत्रपिंडांवर लक्ष ठेवा. लघवी प्रत्येक वेळी मोजून लिहा, कमी झाली किंवा रंग बदलला तर लगेच कळवा. त्यांच्याकडेही तीन वॉर्ड होते. ते सांगून गेले. मी सलाईनची रिकामी बाटली वरून कापली. तिच्यावर मापाच्या रेघा छापलेल्याच असतात. रंजना चौथीपर्यंत शिकलेली, तिला आकड्यांपेक्षा रेघा सोयीच्या वाटल्या. ती दर वेळी बाटली उजेडाला धरायची, रेघा मोजायची आणि मी जिथे असेन तिथे येऊन सांगायची. "बाई, चार रेघा. रंग कोऱ्या चायसारका." मी चार्टवर आकडा लिहायचे. मी आजवर शिकवलेल्या कुठल्याही मुलीनं इतकं नेमकं काम केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या बाजूला आभाळ भरलं. कापणीत असं आभाळ आलं की वॉर्डातल्या सगळ्या सोबती खिडक्यांशी जातात. पेशंट खाटेवरून विचारतात आणि त्या सांगतात. त्या दिवशीही सांगत होत्या.

"पडतोय आज."

"कसला पडतोय. तुज्या घोवावानी गरजंल नि जाईल."

"माजा घोव गरजत तरी हाय. तुजा बोलतो का कंदी?"

अकरापर्यंत अर्ध्या खाटा सोबतीशिवाय झाल्या. सांगून जाणाऱ्या थोड्या, न सांगता जाणाऱ्या जास्त. रंजना सांगायला आली.

"बाई, भात कापून आडवा टाकलाय. माजा पन, तिचा पन. भिजला तर कोंब येतील. अर्धा दिस जाते नि येते."

"घरात दुसरं कुणी नाही?"

"सासू हाय. तिच्यानं उठवत नाय."

सुवर्णा खाटेवरून म्हणाली, "जा गो तू. मला काय झालंय आता? माजा पन भात हाय त्यात."

रंजना माझ्याकडे बघत उभी राहिली. ती परवानगी मागत नव्हती. कामाचा ताबा देत होती, पाळी बदलताना आम्ही देतो तसा. मी म्हटलं, "जा. मी बघते."

हे मी शेकडो वेळा म्हटलेलं आहे. सगळ्याच सिस्टर म्हणतात. म्हणताना ते खोटं वाटत नाही.

त्या दुपारी काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तशी दुपार नेहमीची आहे. खाटा भरून दोन बायका जमिनीवर होत्या. एकीला झटके येत होते. एक म्हातारी सलाईन उपटून चालायला लागली होती. मी सुवर्णाच्या खाटेवरून जाताना विचारलं, "लघवीला झाली का गं?"

"झाली बाई. थोडी."

बाटली कुठे आहे हे मी बघितलं नाही. चार्टवर तीनशे लिहिलं. संध्याकाळी जाताना परत विचारलं, परत ती म्हणाली, झाली. मी अडीचशे लिहिलं. दोन्ही वेळा तीनशे लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून अडीचशे. हे मी विचार करून केलं नाही. हाताला सवय होती. ज्या वॉर्डात तीस जणींचा श्वास मोजायला एक बाई असते, तिथे सगळ्यांचा श्वास मिनिटाला वीस असतो. आम्ही याला मनानं भरणं म्हणतो. मी ते माझ्या सीनियरकडून शिकले, आणि माझ्याकडून बाकीच्या. माझ्यानंतर आलेल्या सिस्टरनंही, माझे आकडे बघून, त्यांच्या जवळपासचा एक आकडा लिहिला.

पाऊस पडला. शेवटची एसटी वाडीच्या फाट्यापर्यंत आलीच नाही. रंजना दुसऱ्या दिवशी सकाळी आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात भाकरीचा डबा. खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड कशानं सुजलं गो तुजं?"

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "काल दुपारपासनं उठली नाय ती."

मी तेव्हा नुकतीच पाळीवर आले होते. सुवर्णाला दम लागत होता. मी विचारलं, मला झाली म्हणून का सांगितलंस?

ती म्हणाली, "तुमी एकल्या. किती धावत होतात. म्हटलं, सांजच्याला रंजी येल तवा तिला सांगू."

मला त्या क्षणी तिच्या कानाखाली मारावीशी वाटली, हे खरं आहे. आमच्याकडची माणसं अशीच आहेत. दुकानदाराशी तासभर भांडतील, पण सिस्टर एकटी आहे असं दिसलं की स्वतःचं दुखणं लपवतील. पाणी लागलं तर मागणार नाहीत. दुखतंय का विचारलं तर बरं वाटतंय म्हणतील. त्याला ही माणसं भीड म्हणतात. आम्हाला ती सोयीची असते. भिडेच्या जिवावर वॉर्ड शांत राहतो आणि भेटीला आलेले साहेब म्हणतात, चांगली शिस्त आहे.

अँब्युलन्स मिळाली, मुंबईला पाठवली. महामार्गाचं काम चालूच होतं. तिकडे मशीनवर ठेवली. नऊ दिवस होती. भात मात्र वाचला. रंजनानं एकटीनं दोघींचा भात पावसाच्या आत छपराखाली नेला होता.

चौकशी झाली. माझे कागद मागवले. दोन माणसं येऊन बसली, चहा घेतला, चार्ट बघितला. चार्ट पूर्ण होता. एकही रकाना मोकळा नव्हता. त्यांनी अहवालात लिहिलं की नोंदी व्यवस्थित आहेत, आणि संबंधित काळात रुग्णाची सोबत उपस्थित नव्हती. मी सही केली. वॉर्डात सिस्टर किती होत्या हे त्यांनी विचारलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण मीही बोलले नाही. तीस जणींना एक सिस्टर हे माझ्यावर लादलेलं होतं. तीनशे हा आकडा मी लिहिला होता. या दोन गोष्टी मी कितीही वेळा एकत्र बांधल्या तरी सुटून वेगळ्या होतात. रकाना मोकळा ठेवला असता तर रात्रपाळीच्या बाईला, सकाळच्या डॉक्टरला तो दिसला असता. मोकळ्या जागेला माणूस थबकतो. आकडा दिसला की पुढे जातो.

दिवाळीनंतर रंजना मला भेटायला आली. पिशवीत तांदूळ होते. "त्या दिवसाचाच हाय," म्हणाली. "तिचा पन हाय त्यात." ती माझ्यावर रागवायला आली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं. मी तांदूळ घेतला. घरी नेऊन शिजवला. अन्न फेकायचं नसतं. चवीला चांगला होता.

पुढच्या वर्षी मी ठरवलं की मोजलं नाही तर लिहायचं नाही. दोन महिने तसं केलं. माझ्या वॉर्डाचे चार्ट चाळणीसारखे दिसायला लागले. मग मेमो आला, नोंदी अपूर्ण. वरच्या बाईंनी बोलावून समजावलं. त्या वाईट नाहीत. त्यांनीही माझ्यासारखीच उमेदवारी केली आहे.

"काम होत नाही हे मला कळतं," त्या म्हणाल्या, "पण लिहायला काय होतं?"

मी म्हटलं, माणसं द्या. त्यांनी ड्रॉवर उघडून माझेच जुने अर्ज दाखवले, सगळे नीट लावून ठेवलेले. त्यांनी ते दर वेळी वर पाठवले होते. वरून काय उत्तर आलं असं मी विचारलं नाही. उत्तर मला वॉर्डात दिसत होतंच. पेशंट गेला की चाळीस माणसं जीप करून येतात आणि काचा फोडतात. रिकाम्या जागेसाठी एकही माणूस कधी आला नाही. रिकामी जागा कुणाची नातेवाईक नसते.

आता कंत्राटावर मुली येतात. अकरा महिन्यांच्या. हुशार असतात, पहिले पंधरा दिवस धावतात, सगळं मोजतात, घड्याळ धरून श्वास मोजतात. त्यांच्याकडे बघवत नाही. महिन्यानं त्यांच्याही चार्टवर सगळ्यांचा श्वास वीस झालेला असतो. त्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही चार्ट बघता तेव्हा खरा कुठला, मनानं भरलेला कुठला, हे कळतं?" मी म्हटलं, कळतं. ती म्हणाली, "मग काही बोलत का नाही?" मी तिला दुसऱ्या कामाला पाठवलं.

या वर्षीचा भात चांगला आहे. महाडला माझ्या घरापासून चवदार तळ्यावरून स्टँडकडे चालत येते, एसटी धरते, आणि शहर संपलं की दोन्ही बाजूंना पिवळं. कापणीला लागलेल्या बायका रांगेनं वाकलेल्या. वॉर्डात परवा मोजल्या तर एकोणतीस पेशंट आणि अकरा सोबती.

त्या अकरांत रंजना आहे. सासूला घेऊन आली आहे, छाती भरलेली, ताप. सहा दिवस झाले, ती खाटेपासून हललेली नाही. संडासला गेली तरी शेजारणीला दोनदा सांगून जाते. केस पांढरे झालेत. तिचा भात अजून उभा आहे आणि दाणे गळायला लागलेत, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. नवरा येऊ शकत नाही. सुवर्णाच्या वाटणीचा तुकडाही आता तीच करते, तोही उभा.

काल दुपारी ती मोरीत भांडं धूत होती. मी म्हटलं, "रंजना, म्हातारीचा ताप उतरलाय. एक दिवस जाऊन कापून ये."

"नाय बाई."

"वर्षाचा भात आहे तो."

"जाऊदे. येकदा गेलते मी."

मग मी सांगितलं. चार वर्षांत जे चौकशीला सांगितलं नाही, घरात सांगितलं नाही, ते मोरीपाशी उभं राहून सांगितलं. की त्या दिवशी मी मोजलं नव्हतं. बाटली हातात घेतलीच नव्हती. आकडे मनानं लिहिले, दोन वेळा, आणि त्यामुळे तिची लघवी थांबलीय हे रात्रभर कुणाला कळलं नाही. तू गेलीस म्हणून झालेलं नाही ते.

तिनं नळ बंद केला. भांडं उपडं ठेवलं. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

"तेच ना," ती म्हणाली. "मी असते तर मोजलं असतं."

ते खरं होतं. माझी चूक तिला देऊन तिची कमी होईल अशी माझी समजूत होती. तिनं माझी ऐकली आणि स्वतःच्याच खाली नीट दाबून ठेवली. तिच्या हिशोबी सिस्टर असणं-नसणं यात धरायचंच नसतं. पाऊस असतो तशी सिस्टर नसते. त्यात आपलं माणूस सोडून जायचं नसतं, एवढंच तिला कळलं होतं, आणि आमच्या वॉर्डात उभं राहून तिला चूक म्हणायची माझी छाती झाली नाही.

आतून मावशी हाक मारत होती, नवीन पेशंट आली होती, झटके येत होते. म्हातारीच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहे, तिची सून तीन दिवसांपूर्वी कापणीला गेली ती आलेली नाही. मी दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"रंजना," मी म्हटलं, "त्या शेजारच्या बाईचंही जरा बघशील?"

"कालपासनं बघतेच हाय," ती म्हणाली. "तुमी जावा."

मी गेले.